हुंड्यात न आलेलं गाव

आरे कॉलनी आज मुंबईत मोडते. पण १६६१ साली एका राजकन्येच्या लग्नात जी मुंबई आंदण लिहून दिली गेली, त्या मुंबईत आरे नव्हतं. गोरेगाव, मरोळ, पवई, कुर्ला, अंधेरी, बोरिवली यांतलंही काही नव्हतं. ही सगळी गावं साष्टी बेटावरची, आणि साष्टी पोर्तुगीजांनी हुंड्यात दिलीच नाही. निदान त्यांचं म्हणणं तसं होतं. इंग्रज मात्र शंभर वर्षं म्हणत राहिले की दिली होती.

‘मुंबई हुंड्यात मिळाली’ हे वाक्य आपण शाळेपासून ऐकतो. ते ऐकताना डोळ्यांपुढे दहिसर-मुलुंडपर्यंत पसरलेलं आजचं शहर येतं. ते चित्र बाजूला ठेवायला हवं. विहार आणि पवईच्या डोंगरांतलं पाणी मरोळ, कुर्ल्यावरून वाहत माहीमच्या खाडीला मिळतं. तीच आपली मिठी नदी. तेव्हा विहारचा तलाव नव्हता (तो १८६० चा), पण पाण्याची वाट हीच होती. खाडीच्या दक्षिणेला मुंबई, उत्तरेला साष्टी. १६६५ नंतर या खाडीच्या एका काठावर इंग्लंडच्या राजाची सत्ता होती आणि समोरच्या वांद्र्याच्या काठावर पोर्तुगालच्या राजाची. आऱ्याच्या डोंगरात पडलेला पाऊस पोर्तुगीज मुलखातून वाहत येऊन हुंड्याच्या सीमेवर समुद्राला मिळायचा.

राज्यांच्या सीमा लढायांनी ठरतात, हे आपल्या डोक्यात इतकं घट्ट बसलंय की लग्नाने ठरलेल्या सीमेकडे आपण एक गमतीदार किस्सा म्हणून बघतो. तो किस्सा नव्हे. युरोपातल्या सरदार-राजघराण्यांत जमीन एका घराण्यातून दुसऱ्या घराण्यात जायची ती बहुतेक वेळा एखाद्या बाईच्या लग्नाबरोबर. त्या बाईचं नाव करारात पहिल्या ओळीत असायचं, आणि तिचं मत शेवटच्या ओळीपर्यंत कुठेच नसायचं. मुंबई ज्या रीतीने इंग्रजांकडे आली ती रीत समजून घ्यायची, तर हुंड्याच्या तहाच्या साडेतीनशे वर्षं मागे, मध्ययुगीन इंग्लंडमध्ये जावं लागतं.

तिथे एलिझाबेथ डी क्लेअर नावाची एक सरदारकन्या होती. जन्म १२९५ चा. आईकडून ती इंग्लंडचा राजा पहिला एडवर्ड याची नात. तिची आई जोन हिचं पहिलं लग्न गिल्बर्ट डी क्लेअर या बलाढ्य उमरावाशी झालं, तेव्हा जोन अठरा वर्षांची होती आणि नवरा सत्तेचाळिशीच्या घरात. त्या लग्नाच्या वेळी राजाने एक पक्की व्यवस्था केली. गिल्बर्टने आपल्या सगळ्या जमिनी आधी राजाच्या स्वाधीन केल्या आणि मग त्या नवरा-बायको दोघांच्या नावे परत घेतल्या. पाच वर्षांत गिल्बर्ट वारला आणि जोन एका प्रचंड जहागिरीची एकटी मालकीण झाली. राजाने तिचं दुसरं लग्न सव्हॉयच्या सरदाराशी ठरवलं. तोपर्यंत तिने आपल्याच पदरच्या राल्फ डी मॉन्थर्मर नावाच्या साध्या शिलेदाराशी गुपचूप लग्न लावून घेतलं होतं. राजाने त्या शिलेदाराला ब्रिस्टलच्या किल्ल्यात डांबलं. लेकीने कुणाशी संसार मांडला याचा राजाला राग आला असेलही, पण खरी दुखरी नस दुसरीच होती. तिच्या हाताबरोबर वेल्सच्या सीमेवरची प्रचंड जमीन जात होती, आणि तो हात कुणाला द्यायचा हे राजाला ठरवायचं होतं.

त्या काळच्या इंग्रजी कायद्यात याला आधार होता. राजाकडून थेट जमीन घेणाऱ्या सरदाराची पोरकी मुलगी राजाच्या ताब्यात यायची आणि तिचं लग्न लावून द्यायचा हक्क राजाचा. तो हक्क राजा विकू शकायचा, इनाम देऊ शकायचा. विधवेला नवऱ्याच्या जमिनीचा तिसरा हिस्सा हयातीपुरता मिळायचा. १२१५ च्या मॅग्ना कार्टात एक कलम खास विधवांसाठी आहे: तिला नवऱ्याशिवाय राहायचं असेल तर लग्नाची सक्ती करायची नाही. पण त्याच कलमात पुढे लिहिलंय की राजाच्या संमतीशिवाय लग्न करणार नाही असा जामीन तिने द्यायचा. सक्तीला दार बंद केलं, परवानगीचं दार मात्र राजाच्या हाती ठेवलं.

एलिझाबेथचं पहिलं लग्न १३०८ साली, तेराव्या वर्षी झालं. आयर्लंडमधल्या अल्स्टरच्या अर्लचा मुलगा जॉन डी बर्ग हा नवरा. तिच्या भावाने, तरुण गिल्बर्टने, त्याच सुमारास जॉनच्या बहिणीशी लग्न केलं. आपल्याकडे साटंलोटं म्हणतात तसंच. मुलगा झाला, आणि १३१३ मध्ये जॉन वारला. अठरा वर्षांची विधवा. इथपर्यंत तिच्याकडे कुणाचं विशेष लक्ष नव्हतं, कारण माहेरची जमीन भावाची होती.

पुढच्या वर्षी, जून १३१४ मध्ये, बॅनॉकबर्नच्या लढाईत तो भाऊ स्कॉटलंडच्या सैन्याकडून मारला गेला. मूल नव्हतं. एका दिवसात तीन बहिणी इंग्लंडमधल्या सर्वांत मोठ्या वारसदारणींमध्ये जाऊन बसल्या. भावाच्या विधवेने आपण गरोदर असल्याचं सांगितलं आणि त्या न जन्मलेल्या वारसाच्या नावावर जमिनीची वाटणी दोन वर्षांहून जास्त अडली. तोवर राजा दुसरा एडवर्ड, म्हणजे एलिझाबेथचा मामा, याने तिला आयर्लंडहून बोलावून ब्रिस्टलच्या किल्ल्यात ठेवलं. तिथून १३१६ च्या फेब्रुवारीत थिओबाल्ड डी व्हर्डन नावाच्या सरदाराने तिला पळवून नेलं आणि लग्न लावलं. आयर्लंडमध्येच आमचं ठरलं होतं, असा बचाव त्याने राजापुढे केला. तिची संमती होती की नव्हती, हे ठरवण्याचा खटाटोप इतिहासकार अजून करतात. सहा महिन्यांत तोही वारला. पोटात त्याची मुलगी असताना मामाने तिच्यामागे टुमणं लावलं की माझ्या मर्जीतल्या रॉजर डॅमोरीशी लग्न कर. मुलगी मार्च १३१७ मध्ये जन्मली आणि त्यानंतर काही आठवड्यांत तिसरं लग्न झालं. मग त्याच वर्षी तिन्ही बहिणींची वाटणी झाली. म्हणजे जमीन कुणाच्या हातात पडणार हे आधी पक्कं करून घेतलं आणि नंतरच ती मोजली गेली.

थोरल्या बहिणीचा नवरा ह्यू डिस्पेन्सर. राजाचा लाडका आणि अधाशी माणूस. मेव्हण्यांच्या वाट्याची जमीन त्याला खुपत होती. १३२२ मध्ये डॅमोरी राजाविरुद्ध बंडात मेला आणि एलिझाबेथ तिसऱ्यांदा विधवा झाली. तिला मुलांसह बार्किंगच्या मठात अटकेत ठेवलं. त्या वर्षीच्या नाताळात यॉर्कला बोलावून, तिचे सल्लागार तिच्यापासून तोडून, वेल्समधली तिची उस्क नावाची जहागीर डिस्पेन्सरच्या नावे करून देणाऱ्या कागदावर शिक्का मारायला लावलं. बदल्यात कमी मोलाची जमीन दिली आणि तीही पुढे युक्तीने काढून घेतली.

यानंतर तिने जे केलं त्यासाठी मला ती फार मोठी वाटते. १३२६ च्या वसंतात, राजा आणि डिस्पेन्सर अजून सत्तेवर असताना, तिने आपल्या क्लेअरच्या वाड्यात गुप्तपणे एक तक्रारनामा लिहून घेतला. कुणी, कधी, कुठे, कसं धमकावलं आणि काय हिरावलं, सगळं क्रमवार. तो त्या दिवशी दाखवायचा कुणालाच नव्हता. दिवस पालटतील तेव्हा पुरावा असावा म्हणून तो केला होता. दिवस पालटले ते सहा महिन्यांत. डिस्पेन्सरला फाशी झाली, राजा पदच्युत झाला, उस्क तिला परत मिळालं. तेव्हा ती एकतीस वर्षांची होती. पुढची चौतीस वर्षं तिने पुन्हा लग्न केलं नाही, आणि १३४३ मध्ये ब्रह्मचर्याचं व्रतही घेतलं. तीन नवऱ्यांची नावं बाजूला ठेवून तिने स्वतःला ‘क्लेअरची स्वामिनी’ म्हणवून घेतलं. केंब्रिजमधल्या एका मोडकळीला आलेल्या विद्यालयाला १३३८ पासून पैसा पुरवून तिने उभं केलं. आजचं क्लेअर कॉलेज ते हेच. तिच्या घरखर्चाच्या वह्या टिकून आहेत. त्यांत धान्य, मासळी, मेणबत्त्या, दानधर्म यांचा रोजचा हिशेब आहे. बाई किती बारकाईने कारभार बघत होती हे त्यावरून कळतं.

आपल्याकडच्या सरदार घराण्यांशी हे ताडून बघावंसं वाटतं. लग्नं आपल्याकडेही राजकारणाचीच. सिंदखेडच्या लखुजी जाधवरावांची लेक जिजाबाई भोसल्यांकडे आली, त्यात दोन घराण्यांचा हिशेब होताच. पण फरक मोठा आहे. १६२९ मध्ये दौलताबादेत निजामशाही दरबारात लखुजी आणि त्यांचे मुलगे मारले गेले, तरी सिंदखेडचं वतन जिजाबाईंबरोबर भोसल्यांकडे आलं नाही. ते जाधवांच्याच कुळात राहिलं. वतन मुलाकडून मुलाकडे चालायचं. बाईला चोळीबांगडीसाठी एखादं गाव लावून दिलं जायचं, ते तिच्या खर्चापुरतं. विधवेचं पुन्हा लग्न सरदार घराण्यांत नव्हतंच, त्यामुळे तिच्याबरोबर दौलत दुसऱ्या घरात जाण्याचा प्रश्न उठत नव्हता. म्हणून आपल्याकडे विधवेला पळवून नेऊन जहागीर मिळवण्याचे प्रकार दिसत नाहीत. मात्र कारभार हाती आलेल्या विधवा दिसतात. १७३१ मध्ये डभईच्या लढाईत त्र्यंबकराव दाभाडे पडल्यावर सेनापतिपदाचा कारभार त्यांच्या आईने, उमाबाईंनी चालवला. एका व्यवस्थेत बाई जमिनीची वाहक होती, दुसरीत राखणदार. दोन्हीकडे तिच्या स्वतःच्या इच्छेला जागा थोडीच होती, पण ज्यांनी ती जागा करून घेतली त्यांची नावं राहिली.

आता मुंबईकडे. ब्रागांझाची कॅथरिन १६३८ मध्ये पोर्तुगालमधल्या व्हिला व्हिसोझा इथे जन्मली तेव्हा राजकन्या नव्हती, ड्यूकची मुलगी होती. पोर्तुगाल साठ वर्षं स्पेनच्या राजाकडे होता. १६४० मध्ये उठाव झाला आणि तिचे वडील चौथे जॉन म्हणून गादीवर आले. तिची आई लुइसा दे गुझमान ही स्वतः स्पेनमधल्या मेदिना सिदोनियाच्या ड्यूकची मुलगी. ज्या स्पेनविरुद्ध नवरा लढत होता तेच तिचं माहेर. वडील १६५६ मध्ये वारले, भाऊ लहान, कारभार आईच्या हाती. १६५९ मध्ये फ्रान्सने स्पेनशी तह करून पोर्तुगालला एकटं पाडलं. पूर्वेत डच एकामागून एक ठाणी घेत होते. सिलोन गेलं होतं, कोचीन जायच्या वाटेवर होतं. लुइसाला आरमारवाला दोस्त हवा होता. इंग्लंडचा दुसरा चार्ल्स नुकताच गादीवर परतला होता, त्याला पैसा हवा होता. मधे होती मठासारख्या बंदिस्त वातावरणात वाढलेली बावीस वर्षांची मुलगी.

२३ जून १६६१ च्या तहात पोर्तुगालने वीस लाख क्रुझादो रोख, आफ्रिकेच्या टोकावरचं टँजिअर, आणि मुंबईचं बंदर व बेट द्यायचं कबूल केलं. व्यापाराच्या सवलती वेगळ्या. इंग्लंडने पोर्तुगालला लष्करी मदत द्यायची, आणि कॅथरिनला दरसाल तीस हजार पौंडांची तरतूद करून द्यायची. एवढी रोकड लिस्बनमध्ये होती कुठे? तिला न्यायला आलेल्या इंग्रजी आरमाराच्या हाती निम्मी रक्कम ठेवायची वेळ आली तेव्हा बरीचशी साखर, मसाले आणि जडजवाहीर या रूपात भरली गेली. २१ मे १६६२ रोजी पोर्ट्समथला लग्न लागलं. आधी बंद दाराआड कॅथलिक पद्धतीने आणि मग सर्वांसमक्ष इंग्लंडच्या चर्चच्या पद्धतीने.

इकडे अब्राहम शिपमन याला मुंबईचा ताबा घ्यायला पाठवलं होतं. सप्टेंबर १६६२ मध्ये जहाजं मुंबईपुढे लागली आणि वाद सुरू झाला. इंग्रजांचं म्हणणं, तहाच्या वेळी दाखवलेल्या नकाशात साष्टी आणि ठाणंही मुंबईतच धरलं होतं. पोर्तुगीजांचं म्हणणं, कागदात ‘बंदर आणि बेट’ लिहिलंय, तेवढंच. गोव्याचा व्हाइसरॉय अँतोनियो दे मेलो ए कास्त्रो याने कागदपत्रांतल्या त्रुटी दाखवून ताबा द्यायचं टाळलं. त्याला दिसत होतं ते खरंच होतं. इंग्रज ज्या दिवशी मुंबईत बसतील त्या दिवशी हिंदुस्थान आपल्या हातून गेला, असं त्याने आपल्या राजाला कळवलं. शिपमनची माणसं कारवारजवळच्या अंजदीव बेटावर पावसात, आजारात पडून राहिली. काही शे सैनिकांपैकी शंभराच्या आसपास उरले. शिपमन स्वतः १६६४ मध्ये तिथेच वारला. एका लग्नाच्या कलमाची अंमलबजावणी होईना म्हणून मेलेले हे लोक. त्यांची आठवण क्वचितच कुणी काढतं.

शेवटी शिपमनचा चिटणीस हम्फ्री कुक याने पोर्तुगीजांच्या सगळ्या अटी मान्य करून ताबा घेतला. तारीख १८ फेब्रुवारी १६६५. जागा एका बाईचं घर. डोना इग्नेझ दे मिरांडा, दोम रॉद्रिगो दे मोन्सांतो याची विधवा, ही तेव्हा मुंबई बेटाची मालकीण होती. कागदपत्रांत तिला ‘बेटाची स्वामिनी’ म्हटलंय. तिचं तटबंदीचं घर आजच्या फोर्ट भागात, टाउन हॉलच्या मागे होतं. शंभर वर्षांपूर्वी गार्सिया द ओर्ता या वैद्याकडे हे बेट होतं तेव्हापासूनचा तो वाडा. त्या घरात कागदावर सह्या झाल्या. मग कुकने हातात माती आणि दगड घेतले आणि बुरुजांवरून फिरला. जमीन ताब्यात आली हे दाखवायची ही युरोपातली जुनी रीत. तो चालत होता ते बुरुज इग्नेझबाईंचे होते.

त्या करारात एक कलम तिच्या नावाने आहे, आणि माझ्या मते सबंध कागदातलं सर्वांत लक्ष देण्याजोगं कलम तेच. या बाईच्या इस्टेटीला ती स्वखुशीने देईल तेव्हाच हात लावायचा, तिच्या दर्जाला शोभेल असं तिच्याशी वागायचं. ती वारल्यावर वारसांकडून इंग्रजांना इस्टेट घ्यायची असेल तर वाजवी किंमत मोजून घ्यावी. किल्ल्यासाठी घर आताच हवं असेल तर किंमत आताच द्यावी. एक राजकन्या तिकडे करारात दिली गेली. त्याच कराराच्या अंमलबजावणीत इकडे एका विधवेने स्वतःच्या हक्काचं कलम लिहून घेतलं. हे तिने मागितलं की पोर्तुगीज अधिकाऱ्यांनी सुचवलं, ते कागद बोलत नाही. पण तिच्या घरात बसून, तिला वगळून हा व्यवहार करणं शक्य नव्हतं, एवढं दिसतं.

एक विधवा अख्ख्या बेटाची मालकीण कशी? पोर्तुगीज कायद्यात ते अपूर्वाईचं नव्हतं. वेगळा करार केला नसेल तर लग्नाबरोबर नवरा-बायकोची मालमत्ता एक व्हायची आणि एकाच्या मृत्यूनंतर अर्धी दुसऱ्याची. गोव्यात आजही नवरा-बायकोची मालमत्ता सामाईक धरणारा नागरी कायदा आहे, त्याची मुळं या परंपरेत आहेत. शिवाय वसईपासून मुंबईपर्यंतच्या मुलखात राजा गावं खंडाने, सहसा तीन पिढ्यांसाठी द्यायचा, आणि त्या पिढ्यांत बाई बसू शकायची. लिस्बनच्या अनाथाश्रमातल्या कुलीन मुली गोव्याला पाठवल्या जायच्या, आणि त्यांच्याशी लग्न करणाऱ्या पोर्तुगिजाला हुंडा म्हणून एखादी नोकरी किंवा उत्पन्न मिळायचं. समुद्रापलीकडच्या तुटपुंज्या वस्तीला बांधून ठेवायची ही युक्ती. पुढे मोझांबिकमध्ये झांबेझीच्या खोऱ्यात तर जमिनी बाईच्याच नावे, मुलीकडून नातीकडे जातील अशा दिल्या गेल्या. अट एवढीच की तिने पोर्तुगिजाशी लग्न करावं. एलिझाबेथच्या मामाने जे एका भाचीपुरतं केलं, ते इथे सरकारी धोरण झालं.

चार्ल्सला मुंबईचा काही उपयोग होईना. खर्च जास्त, उत्पन्न थोडं. २७ मार्च १६६८ च्या सनदेने त्याने बेट ईस्ट इंडिया कंपनीला दिलं, दरसाल दहा पौंड सोन्याच्या भाड्याने. टँजिअर तर १६८४ मध्ये स्वतःच मोडून सोडून दिलं. हुंड्यातली फक्त मुंबई टिकली.

साष्टीचं भांडण मात्र संपलं नाही. मुंबई बेटावर पुरेसं धान्य नव्हतं, लाकूड नव्हतं. सगळं मुख्य भूमीवरून यायचं, आणि वाटेत ठाणं आणि करंजा इथे पोर्तुगीज चौक्या जकात घ्यायच्या. आपल्याच बेटावर जेवायला बसायचं तर शेजाऱ्याला कर द्या, ही कंपनीची वर्षानुवर्षांची तक्रार.

कॅथरिनचं पुढे काय झालं? मूल जगलं नाही, गर्भपात झाले. नवऱ्याने आपलं अंगवस्त्र बार्बरा व्हिलिअर्स हिला राणीच्या दालनातली मानकरीण म्हणून तिच्यावर लादलं. १६७८ मध्ये कॅथलिकांनी राजाच्या खुनाचा कट केल्याचं कुभांड उठलं, त्यात तिच्यावरही आरोप झाले. घटस्फोट घ्या, वारस देणारी बायको करा, असा धोशा लागला असताना चार्ल्सने एवढं केलं की तिला सोडलं नाही. १६८५ मध्ये तो वारला. करारात लिहिलेल्या तरतुदीतलं थकलेलं येणं वसूल करायला तिने आपल्याच जुन्या कारभाऱ्यावर, लॉर्ड क्लॅरेंडनवर, दावा लावला. बुजरी म्हणून इंग्लंडने हिणवलेल्या बाईला आपल्या कराराची कलमं पाठ होती. १६९२ मध्ये तिने इंग्लंड सोडलं. आणि १७०४-०५ मध्ये, भाऊ दुसरा पीटर मोहिमेवर आणि मग आजारी असताना, ती पोर्तुगालची कारभारीण झाली. तिच्या लग्नात गेलेली मुंबई तेव्हा कंपनीची होती. तिच्या लग्नात न गेलेली साष्टी, आऱ्याच्या डोंगरांसकट, ती जिचा कारभार बघत होती त्या मुकुटाची. ३१ डिसेंबर १७०५ रोजी ती लिस्बनमध्ये वारली.

लग्नाने जे मिळालं नाही ते शेवटी तलवारीने ठरलं, पण आधी मराठ्यांच्या. मार्च १७३७ मध्ये चिमाजी आप्पांच्या फौजांनी ठाणं घेतलं, साष्टी घेतली. मे १७३९ मध्ये वसई पडली. पोर्तुगीज जमीनदारांची गावं गेली. पुण्यात पेशवाईचा कलह पेटला तसा कंपनीने डाव साधला: डिसेंबर १७७४ मध्ये ठाण्याचा किल्ला घेतला आणि १७८२ च्या सालबाईच्या तहात साष्टी कायमची पदरात पाडून घेतली. पोर्ट्समथच्या लग्नाला तेव्हा एकशेवीस वर्षं झाली होती.

या सगळ्या देवघेवीत साष्टीवर राहणाऱ्या माणसांचा उल्लेख येतो तो उत्पन्न म्हणून. आऱ्याच्या दक्षिणेला, आज सीप्झच्या आवारात, कोंडिविट्याच्या जुन्या चर्चचे अवशेष उभे आहेत. १५७९ मध्ये जेझुइटांनी बांधलेलं हे सेंट जॉन चर्च १८४० मध्ये साथीमुळे लोकांनी सोडलं आणि वस्ती मरोळला गेली. आता छप्पर नाही, भिंती आणि दर्शनी भाग आहे. आसपासच्या ख्रिस्ती कुळवाड्यांची लग्नं अडीचशे वर्षं इथे लागली, आणि त्यांच्यापैकी कुणाच्या लग्नाने कुणाचीही सीमा हलली नाही.

आऱ्यातले वारली केलटीपाडा, खांबाचा पाडा अशा पाड्यांत राहतात. सरकारने १९४९ मध्ये दूधवसाहत उभी करायला घेतली त्याच्या कितीतरी आधीपासूनचे हे लोक. त्यांच्या लग्नाची रीत या गोष्टीतल्या प्रत्येक लग्नाच्या उलटी आहे. दागिने-जमीन घेऊन मुलगी येत नाही. मुलाकडचे मुलीच्या घरी देज, म्हणजे वधूमूल्य, देतात. लग्न लावायला भटजी नसतो, धवलेरी असते, म्हणजे बाईच. ती गाण्यांनी लग्न लावते. घरातल्या भिंतीवर सुवासिनी तांदळाच्या पिठाने चौक लिहितात, मधोमध पालघट देवी, आणि तो चौक लिहून झाल्याशिवाय लग्न पुढे जात नाही. आज चादरींवर आणि हॉटेलांच्या भिंतींवर दिसणारी वारली चित्रं या लग्नाच्या चौकातून आली. सनदांची भाषा जमीन, महसूल, किल्ला यांच्यापलीकडे जात नाही, म्हणून यातलं काही त्यांत सापडायचं नाही.

हुंड्याची जुनी सीमा, माहीमची खाडी, सांधली तीही एका बाईनेच. १८४० च्या सुमारास माहीम ते वांद्रे जायला होडी होती आणि पावसाळ्यात माणसं बुडायची. सरकार पुलाला पैसे देईना. सर जमशेटजी जीजीभॉय यांच्या पत्नी आवाबाई यांनी एक लाख सत्तावन्न हजार रुपये स्वतः दिले. पैसे देताना बाईंनी एक अट घातली: या रस्त्यावरून जाणाऱ्याकडून कधीही पथकर घ्यायचा नाही. १८४५ मध्ये माहीमचा बांध खुला झाला, आणि सरकारला ती अट पाळावी लागली.